बहिऱ्यांचा वर्ग, खोली नंबर चार

साहेब, बहिऱ्या पोरांचा वर्ग तुम्ही शिकवायला काढलाच नव्हता. तुम्हाला अकरा तोंडं पाहिजे होती, दुखलं तरी बोंब न मारणारी. ती तुम्हाला मिळाली. कशी मिळाली ते ऐका, आणि मधेच उठून जाऊ नका.

सत्यशीला भोकरदनजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर बाई होती. तिची धाकटी बहीण बेबीनंदा तिसरीत असताना तापानं फणफणली, आणि उठली ती दोन्ही कान गमावून. शाळेनं पटावरून नाव उडवायला काढलं. सत्यशीलानं उडवू दिलं नाही. रोज कंदिलापुढं बसवून, ओठ हळूहळू हलवून, पाटीवर लिहून तिनं पोरीला सातवी पास करवलं. अठ्ठ्याहत्तर साली बातमी आली की जालन्याच्या एका कॉलेजात बहिऱ्यांसाठी वर्षाचा कोर्स निघाला. टायपिंग, पत्रलेखन, दुसऱ्याचे ओठ वाचणं, शेवटी सर्टिफिकेट आणि त्यावर नोकरी. त्याच इमारतीत दुसराही कोर्स होता, दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली दात साफ करायला शिकणाऱ्या पोरींचा. त्या कोर्सशी आपला काय संबंध, असं तेव्हा वाटलं.

त्यांचा बाप तातेराव रस्त्याच्या गँगवर मजूर. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि त्यानं घराला एक नेम घातला, की या घरातलं माणूस यापुढं कुठंच अंगठा उठवणार नाही. दुपारच्या सुट्टीत डांबराच्या पिंपावर खडूनं गिरवून गिरवून तो स्वतःचं नाव शिकला होता. ॲडमिशनच्या दिवशी हेडक्लार्क बद्रीनाथनं टाइप केलेला इंग्रजी कागद पुढं सरकवला आणि सवयीनं शाईचं पॅडही सरकवलं. तातेरावानं पॅड बाजूला केलं आणि जीभ दातात धरून सही ठोकली. मग सत्यशीलानं. मग, गरज नसताना, बेबीनंदानंही. बद्रीनाथ म्हणाला, "वा, अख्खं घर सहीवालं." तिघंही फुलून आले. एसटी स्टँडवर बापानं भजी खाऊ घातली.

कागदात काय आहे ते कुणीच विचारलं नाही. अंगठेवाला निदान म्हणतो, वाचून दाखवा मालक. सहीवाल्याला विचारायची चोरी होते. सत्यशीलाला इंग्रजी पत्त्यापुरतं येत होतं. पण शाळेवरची बाई असून येत नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? नक्कल तिनं घडी करून पिशवीत ठेवली.

दिवाळीला बेबीनंदा घरी आली आणि भाकरी दुधात कुस्करून एकाच बाजूनं चावू लागली. गार पाण्याचा घोट घेतला की कपाळ आवळायची. सत्यशीलाला संशय आला, पण आधी बहिणीचाच. होस्टेलात पोरींच्या संगतीनं हिला मिश्रीचा नाद लागला असणार. तिनं ट्रंक उपसली, उशी फाडली, डबी काही सापडली नाही. मग तिनं पोरीचं तोंडच उजेडाकडं केलं. दात इतके पांढरे की भीती वाटावी. हिरड्या मात्र सुजून जांभळ्या, आणि पुढचा एक दात बोट लावताच हलला.

काय शिकवतात म्हणून विचारलं, तर बेबीनंदानं आ करून दाखवला. मग काय? परत आ. आणि टायपिंग? तिनं हातांनी दाखवलं, मशीन आहे, वर कापड आहे. मग अभिमानानं पाटीवर लिहिलं, "न हलता बसते. मला सगळ्यांत जास्त बरोबरच्या खुणा आहेत."



सुट्टी संपली. पुढच्या शनिवारी, कुणाला न कळवता, ती जालन्याला गेली. खोली नंबर चारवर पाटी होती, "बधिर वर्ग – ओठवाचन". आत दोन खुर्च्या, भिंतीला बाकावर ओळीनं बसलेली बहिरी पोरं, आणि खुर्च्यांवर वाकलेल्या शिकाऊ मुली. प्रत्येकीच्या तोंडावर कापड बांधलेलं. ओठ वाचायच्या वर्गात ओठच झाकलेले. खुर्चीतल्या पोराचे हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते, आणि वाकलेली मुलगी कापडाआडून दुखतं का म्हणून विचारत होती. त्याला दिसत होते फक्त तिचे डोळे.

बद्रीनाथनं तिला दारातूनच फिरवलं. प्रात्यक्षिक चालू आहे, बाहेरच्यांना मनाई. ती हलेना तेव्हा त्यानं समजुतीनं सांगितलं, "बाई, गावातला पेशंट लई कटकट करतो. बहिरे पेशंट शांत असतात."

"पेशंट?" सत्यशीला म्हणाली. "मी विद्यार्थिनी आणून सोडलीय तुमच्याकडं."

त्यानं कपाटातून फाइल काढली, कागद उलटून तिच्यापुढं धरला. "सही कोणाची हाये ही? तीन तीन सह्या हायेत."

आवारातल्या नळावर एक शिकाऊ मुलगी हत्यारं धूत होती. अकबरबी तिचं नाव, जुन्या जालन्याची, मॅट्रिक झालेली. सत्यशीलानं पिशवीतली नक्कल तिच्यापुढं धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "मला इंग्रजी येत न्हाई. वाचून सांग."

अकबरबीनं आधी दाराकडं बघितलं, मग कागदाकडं. विद्यार्थ्याचं तोंड वर्षभर सरावासाठी वापरायला पालकाची मंजुरी आहे, इजा झाली तर संस्था जबाबदार नाही, असं त्यात होतं. वाचून तिनं हात पुसले.

"आपा, तुमच्या बहिणीच्या दातावर मैल नव्हताच. पन रोज दहा दात खरडायचे म्हनजे खरडायचे. आमाला तरी कोन शिकवून राह्यलं? डॉक्टर महिन्यातून एक डाव येतो, चाय पितो, सह्या करतो, जातो. बहिऱ्या पोरांच्या हजेरीत शिकवनाऱ्याच्या जागी आमची नावं, आमच्या हजेरीत पेशंटच्या जागी त्यांची. एका खोलीत दोन कोर्स."

सोमवारी अकबरबीची परीक्षा होती. औरंगाबादहून परीक्षक येणार होते आणि अकबरबीच्या वाट्याला बेबीनंदाच आली होती. तो हलणारा दात आता खरडला तर हातात येईल, हे तिनंच सांगितलं. खुर्चीत बसली नाही तर बेबीनंदाचं सर्टिफिकेट जाईल, हे बद्रीनाथनं जाता जाता ऐकवलं.

सत्यशीलानं होस्टेलच्या ओट्यावर बसून कागदातली ओळ न् ओळ आणि अकबरबीनं सांगितलेलं सगळं मराठीत लिहून बहिणीला दिलं. शेवटी लिहिलं, चूक माझी आहे, बसायचं की नाही ते तू ठरव. बेबीनंदानं दोनदा वाचलं. बरोबरच्या खुणा सहन करण्याबद्दल नव्हत्या, रोजचे दात मोजायच्या होत्या, हे तिला तेव्हा कळलं. ती रडली नाही. तिनं सत्यशीलाकडं असं बघितलं, की सत्यशीलानंच मान खाली घातली.

सोमवारी खोलीत परीक्षक, संस्थेचे अध्यक्ष म्हणून साहेब तुम्ही, आणि बद्रीनाथ. टेबलावर पेढे. सत्यशीला पालक म्हणून भिंतीशी उभी राहिली, हाकललं तरी गेली नाही. बेबीनंदाचं नाव पुकारलं, ते तिला कुणीतरी ढकलून सांगितलं. ती गेली आणि खुर्चीत बसली.

अकबरबीनं हत्यार उचललं, त्या जांभळ्या हिरडीकडं बघितलं आणि परत ताटलीत ठेवलं. तोंडावरचं कापड सोडलं आणि ओठ मोठे करून, सावकाश म्हणाली, "मी न्हाई करनार."

बेबीनंदानं ते वाचलं. त्या वर्गात तिनं वाचलेले हे पहिले ओठ.

ती खुर्चीतून उतरली, परीक्षकांच्या टेबलाशी गेली, त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि त्यांच्याच गुणपत्रिकेच्या मागं लिहू लागली. बद्रीनाथ धावला. तुम्ही हसून परीक्षकांना म्हणालात, पोर जरा मंद आहे, आणि सत्यशीलाकडं वळलात, "बाई, समजावा तिला."

"ती बहिरी हाये साहेब, अडाणी न्हाई," सत्यशीला म्हणाली. "अन् तोंडी सांगू नका. तिला ऐकू येत न्हाई, अन् मला आता तोंडी काही पटत न्हाई."

बेबीनंदानं कागद तुमच्यापुढं ठेवला, वर पेन ठेवलं आणि समोरून हलली नाही. कागदावर एकच ओळ होती:

"सहा महिन्यांत आम्हा अकरा जणांना कोणत्या सरांनी काय शिकवलं? इथं खाली लिहा."