इंजिनरूममधला माणूस

स्क्रीनवर 'मिरांडेला'चा मागचा भाग लाल झाला तेव्हा माझ्या तोंडात पावाचा घास होता. तिथे लाल झालं म्हणजे बोटीच्या तळात पाणी साचतंय. बोटीवरच्या कोणी जाऊन 'पाहिलं'चं बटण दाबलं की लालचं पिवळं होतं आणि दाबणाऱ्याची आद्याक्षरं शेजारी उमटतात. मिरांडेलावर ते बटण दाबणारा माणूस एकच. मुख्य इंजिनिअर रोलस्टन नॅन्टन, म्हणजे माझे वडील.

मी घास गिळला, वाट पाहिली. लाल तसंच.

आमचं ऑफिस आमच्या छोट्या बेटावरच्या फॉल्मथ बंदरात, दोरखंड आणि रंग विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर आहे. श्रीमंतांच्या यॉटींच्या टाक्या, बॅटऱ्या, जनरेटर, शीतकपाटं, सगळ्यांची नाडी आमच्या कॉम्प्युटरवर दिसते. बोट समोरच्या धक्क्याला असो की भर समुद्रात. मिरांडेला त्या दिवशी धक्क्यालाच होती. मी उठून खिडकीशी गेले. बोटीवरचा धोक्याचा भोंगा माडीपर्यंत ऐकू येत होता. धक्क्यावर पसरलेलं मांजर वैतागून उठलं आणि चालतं झालं. आणि मागच्या डेकवर, त्या भोंग्याच्या अगदी खाली, डॅडी उलट्या बादलीवर बसून पंपाचं झाकण घासत होते. मध्येच त्यांनी झाकण उन्हात धरलं, फुंकर मारली, पुन्हा घासायला लागले.

मी फोन लावला. खिशात फोन थरथरला तसे ते दचकले.

"काय गं इनेटा?"

"डॅडी, भोंगा!"

"आं?"

"भोंगा वाजतोय! तळात पाणी आलंय!"

त्यांनी मान वर करून भोंग्याकडे पाहिलं. "हो, हो. ऐकतोय की. निघालोच होतो."

थोड्या वेळाने लालचं पिवळं झालं, शेजारी 'आर. एन.' उमटलं. कोणा खलाशाने डेक धुऊन नळी तशीच चालू ठेवली होती, एवढंच. पंपाने पाणी उपसून टाकलं. मी मात्र खिडकीशी उभीच राहिले. डॅडी माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते.

डॅडींचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. डॅडींना मिसरूड फुटायच्या सुमाराला कारखाना बंद पडला. मग कोळ्यांच्या होड्यांची यंत्रं दुरुस्त करता करता ते एका यॉटवर यंत्रांना तेल घालणाऱ्याच्या जागी चिकटले आणि परीक्षा देत देत मुख्य इंजिनिअर झाले. मिरांडेलावर ते पहिल्या दिवसापासून. तिच्या मालकाने तिच्यावर घालवले असतील त्याच्या कितीतरी पट दिवस त्यांनी तिच्या पोटात घालवले. ही कॉम्प्युटरची यंत्रणा बसवली तेव्हा ते म्हणाले होते, "पोराला ताप आलाय हे बघायला आईला हात पुरतो." आणि मला त्याच कंपनीत नोकरी लागल्यावर चर्चच्या दारात सगळ्यांना सांगत सुटले, "ऐकलंत का? माझी लेक आता माझ्यावर पहारा देणार!"

त्यावरून आमचा एक खेळ सुरू झाला. लाल झालं की मी फोन उचलायच्या आत ते बटण दाबायचे आणि स्वतःच फोन करायचे, "काय पहारेकरीणबाई, जाग्या आहात ना?" गेले काही महिने मात्र मीच जिंकत होते. मला वाटलं, म्हातारपणी मायाळू झालेत, मुद्दाम हरतायत.

रविवारी जेवायला घरी गेले. रेडिओवर क्रिकेट चाललं होतं, इतक्या मोठ्याने की फाटकापाशीच स्कोअर कळला. आई मक्याच्या पिठाची फंजी घोटत होती.

"तुझा बाप वाया गेलाय," ती म्हणाली. "मी म्हटलं, मीठ दे. उठला आणि खिडकी लावून आला. परवा म्हटलं, आज तुझा शर्ट छान दिसतोय, तर म्हणतो, उद्या आणतो. ए नॅन्टन! नॅन्टन! बघ. हाक मारली तर ढिम्म हलत नाही."

डॅडी पडवीत बसले होते. मी शेजारी बसले आणि हळूच विचारलं, "डॅडी, ऐकू कमी येतंय का?"

"काय?"

"ऐकू कमी येतंय का!"

"हळू बोल. सगळं गाव ऐकेल."

"हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येत नाही!"

कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी मिसेस टाँग थांबली. डॅडी उठले आणि तडक आपल्या जुन्या पिकअपमध्ये जाऊन बसले. मीही मागोमाग गेले. त्यांनी काचा वर केल्या. भर दुपारी, घामाच्या धारांत, आम्ही बाप-लेक बंद गाडीत एकमेकांवर ओरडत बोललो.

"कधीपासून?"

"ख्रिसमसच्या आधीपासून. पहिल्यांदा बारीक आवाज गेले. बेअरिंग कुईकुई करतं ना, ते. मग पाखरं गेली. मग तुझी आई."

"ती काही बारीक आवाज नाही."

ते हसले, आणि हसताना मला त्यांचे डोळे भरलेले दिसले. जन्मभर इंजिनांजवळ उभं राहायचं म्हणजे कान कधीतरी जायचेच. कानांवर झापडं घालायचा त्यांना कंटाळा, कारण झापडं घातली की इंजिन काय म्हणतंय ते कळत नाही.

"कॅप्टनला सांगा," मी म्हटलं.

"सांगेन. फ्रान्सला पोचलो की सांगेन."

हिवाळ्याचा हंगाम संपला की बोटी अटलांटिक ओलांडून तिकडे जातात. मिरांडेला पुढच्याच आठवड्यात निघणार होती.

"डॅडी, मध्ये अख्खा समुद्र आहे. इंजिनिअर तुम्ही एकटे. रात्री तुमच्या उशाशी भोंगा वाजेल आणि तुम्ही घोरत असाल."

"तू आहेस की. तुझ्याकडे लाल झालं की कॅप्टनला फोन कर. ती मला हलवून उठवेल. कोणाला कळणारही नाही."

हाच विचार त्यांच्याआधी माझ्या मनात येऊन गेला होता. दोन रात्री मी तो उलटसुलट करून पाहिला होता.

"आणि उपग्रहाशी संपर्क तुटला तर? दर खेपेला तुटतो. तासन् तास मला तुमची बोट दिसतच नाही. बोटीवर इतकी माणसं आहेत. त्या स्वयंपाकिणीचं लग्न ठरलंय, तुम्हीच सांगत होतात."

ते स्टीअरिंगवर बोट फिरवत राहिले. "म्हणजे तू सांगणार."

"तुम्ही नाही सांगितलंत तर सांगेन."

"कान गेला म्हणजे मी गेलो, इनेटा. इंजिनिअरचं दुसरं काय असतं?"

त्यांनी काच खाली केली. "उकडतंय," म्हणाले आणि उतरून गेले. त्या दिवशी ते जेवायला बसले ते माझ्याकडे पाठ करून.

मग आमचं बोलणं बंद झालं. फोन नाही, थट्टा नाही. पण स्क्रीनवर ते मला रोज भेटायचे. मिरांडेलावर काही बारीकसं खुट्ट झालं, कुठल्या टाकीची पातळी उतरली, की लगेच 'आर. एन.' पूर्वीपेक्षाही चपळ. एक-दोन दिवस मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की ते दर वेळी एकाच जागेवरून बटण दाबतायत, इंजिनरूमशेजारच्या छोट्या खोलीतल्या पॅनेलवरून. सकाळी तिथूनच, दुपारी तिथूनच, दिवेलागणीलाही तिथूनच. माणूस तिथून उठतच नव्हता.

"घरीसुद्धा येत नाही," आई म्हणाली. निघायच्या आदल्या दिवशी तिने पानात गुंडाळून उकडलेली रताळ्याची डुकाना आणि खारा मासा डब्यात भरून माझ्या हातात दिला. "बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण डबा दे. उपाशी माणसाशी भांडू नये."

मी मिरांडेलावर जाऊन खाली उतरले तेव्हा डॅडी पॅनेलसमोर खुर्चीत बसले होते. चष्मा नाकावर, दोन्ही हात मांडीवर, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. कोपऱ्यात घडी केलेलं पांघरूण होतं. ज्या स्क्रीनला ते जन्मात भीक घालणार नव्हते, तिच्याकडे पापणी न लववता बघत होते. मी डबा समोर ठेवला.

"आईने दिला?"

मी मान हलवली. त्यांनी डुकानाचं पान सोडलं, निम्मी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघांनी खाल्लं.

त्या दुपारी मुख्य इंजिनांची चाचणी होती. डॅडींनी दोन्ही सुरू केली. पायांखालची जमीन थरथरायला लागली, स्क्रीनवर एकेक चौकोन हिरवा होत गेला. तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, सगळं जागच्या जागी. पॅनेलजवळचा फोन पूर्ण आवाजावर ठेवलेला होता. त्यातून कॅप्टन टोरिल बोलली. ती नॉर्वेची. उंच, कमी बोलणारी बाई.

"काय म्हणतेय आपली मिरांडेला, रोलस्टन? आवाज कसा आहे?"

डॅडींनी स्क्रीनकडे पाहिलं. मग इंजिनरूमचं जाड दार उघडून उंबऱ्यात उभे राहिले, मान किंचित तिरकी करून. त्या गडगडाटात मला काहीच वेगळं कळेना. ते परत आले, फोन उचलला.

"कॅप्टन, आकडे सगळे ठीक आहेत."

"आकडे मलाही वर दिसतायत," ती हसून म्हणाली. "आवाज विचारतेय."

डॅडींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मला वाटलं, आता म्हणतील, छान आहे. म्हटलं असतं तर ते खरंच ठरलं असतं.

"आवाज मला येत नाही, कॅप्टन," ते म्हणाले. "बरेच महिने झाले. तुम्ही खाली या आणि स्वतः ऐका."

टोरिल आली. तिने आधी मला पाहिलं, मग त्यांना, आणि दारात जाऊन उभी राहिली. डॅडी तिच्या मागे उभे राहून मोठ्याने सांगू लागले, "डाव्या इंजिनाकडे कान द्या. अगदी मागच्या टोकाला. बारीक टकटक येतेय?"

"येतेय."

"थंड असताना येते. थांबा जरा. गरम होऊ दे."

आम्ही तिघं थांबलो. डॅडी इंजिनाकडे पाहत नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"गेली," टोरिल म्हणाली.

"गेली ना? मग ती बरी आहे."

टोरिलने दार लावलं. "रोलस्टन, मला तुम्हाला नेता येणार नाही."

"माहीत आहे."

"माझ्या बोटीवर तुमच्याशिवाय इंजिन कधी सुरू झालेलं मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली, आणि तिने डब्यातला डुकानाचा तुकडा उचलला आणि उभ्याउभ्याच खाल्ला.

नव्या इंजिनिअरची वाट बघत बोट दोन दिवस थांबली. त्रिनिदादहून फर्नांड रामसरन नावाचा एक गोल चेहऱ्याचा माणूस आला. डॅडींनी त्याला मिरांडेलाचा कोपरा न् कोपरा दाखवला, कुठल्या झडपेला कशी थाप मारायची ते शिकवलं. शेवटी स्क्रीनसमोर उभं करून म्हणाले, "आणि हिचं ऐकत जा. लहरी आहे, पण खोटं बोलत नाही. काही अडलं तर पलीकडे माझी मुलगी असते." हे ते माझ्यासमोर म्हणाले आणि आमचा अबोला तिथे संपला. दरम्यान आईने सेंट जॉन्सला कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन टाकली होती. "यंत्र बसवून घे कानाला," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं बोललेय ते सगळं पुन्हा सांगायचंय तुला."

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं धक्क्यावर उभे होतो. डॅडींनी चर्चचा इस्त्रीचा शर्ट घातला होता. खलाशांनी दोर सोडले. मिरांडेला धक्क्यापासून हात-दोन हात सरकली, मध्ये हिरवं पाणी दिसायला लागलं, मग तिने हळूच तोंड फिरवलं. पांढरीशुभ्र, काचांवर ऊन घेऊन ती खाडीच्या तोंडाकडे निघाली. डेकवरून स्वयंपाकीण दोन्ही हात हलवत होती.

डॅडी नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "अशी जाते होय ती?"

मला आधी समजलं नाही. मग उमगलं. इतक्या वर्षांत मिरांडेला शेकडो वेळा या बंदरातून निघाली असेल आणि दर वेळी ते खाली होते, इंजिनरूममध्ये. तिला निघताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"मागून केवढी रुंद दिसते," ते आईला म्हणाले. "तुझ्यासारखी."

आईने त्यांच्या दंडावर चापट मारली आणि तो दंड तसाच धरून ठेवला.

धक्क्यावरच्या बायका-पोरांनी निरोपाला हात वर केले. डॅडींनी आजूबाजूला पाहिलं, लोक कसे करतात ते बघून घेतलं आणि आपलाही हात वर केला. खाडीचं तोंड ओलांडून बोट उघड्या समुद्राला लागली. लोक पांगले, पोरं पेरू खात परत फिरली. डॅडींचा हात मात्र वरच होता. आम्हीही त्यांना तो खाली घ्या म्हटलं नाही.