शुद्ध हृदयाचा भोपळा

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ताईतबाबा एकेकाचा हात धरत, डोळे मिटत आणि समोरच्याच्या मनगटावरचा ताईत भक्कन निळा उजळे.

"हृदय शुद्ध! डॉक्टरची सुट्टी!" बाबा गरजत. ज्याचा पेटत नसे, त्याचं पाप जाड.

शिवणकाम करणाऱ्या मावशीचा ताईत तीनदा पेटला होता. तिच्या छातीतल्या पेसमेकरची बॅटरी संपत आली होती, शुक्रवारी तो बदलायचा होता. मावशी हटून बसली. "बाबा म्हणाले, यंत्र थांबलं तरी हृदय थांबणार नाही."

"बाबा म्हणतील, आणि जिवानिशी जाशील तू!" भाची ओरडली होती. ती इस्पितळात हीच यंत्रं तपासायची. आईमागे मावशीनंच तिला वाढवलं होतं; त्या भांडणानंतर मावशीनं तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

आज ती मावशीच्या शेजारी उभी होती, पिशवीत भोपळा घेऊन. मागच्या खेपेलाच तिनं हेरलं होतं, की ताईत पेटण्याआधी बाबांचं डावं कोपर पोटावर दाबलं जातं.

बाबांनी मावशीचा उजवा हात धरला. ताईत पेटला. मावशीचा हात बाबांच्या हातात असतानाच भाचीनं झटकन तिच्या मनगटावरचा ताईत सोडवून भोपळ्यावर दाबला आणि मावशीचा डावा तळवा भोपळ्यावर टेकवला. ताईत पुन्हा निळाशार!

"बाबा, भोपळाही शुद्ध झाला का हो?"

"चराचरात ईश्वर आहे, मुली!" बाबा सावरले, पण कोपर सुटलं आणि ईश्वर विझला. भाचीनं बाबांचं कोपर धरून पोटावर दाबलं. पेटला. सोडलं. विझला. दुकान हसून हसून लोळायचं बाकी राहिलं.

कफनीखाली कोपरानं दाबायचं बटण असलेली डबी निघाली, कातडीला चिकटवलेल्या तांब्याच्या पट्टीसकट.

"ही अंगातून बारीकशी वीज सोडते," भाची म्हणाली. "ओलसर मांसातून ती ताईतापर्यंत पोचते आणि आतल्या दिव्याला पेटायची खूण देते. भोपळ्यातूनही. हृदयात बसवलेली काही यंत्रं अशीच शरीरातून एकमेकांना निरोप धाडतात. त्यात चमत्कार नाही, अभ्यास आहे."

मावशीनं भोपळ्यावरचा हात उचलून भाचीच्या खांद्यावर ठेवला. मग म्हणाली, "मी तुझ्याशी बोलले नाही आठ दिवस."

"आता बोल."

"शुक्रवारी उपाशीपोटी यायचं ना?"

शुक्रवारी यंत्र बदललं. मावशी आठवडाभरात चिडचिड करण्याइतकी बरी झाली. तेव्हा मंडळी, कुणी तुमचा उपचार बंद करायला सांगितलं, तर पाया पडण्याआधी एवढं विचारा: महाराज, कफनीखाली काय आहे?