हरकत नाही, असं लिहून घेतलं

फोन वाजला तेव्हा मामा घरात एकटाच होता. एकट्या मामाने फोन उचलणं म्हणजे मांजराने दार उघडण्यासारखं होतं. जमायचं, पण पुढे काय?

मामाने अर्धं आयुष्य बसमध्ये कंडक्टरकी केली होती. त्याचा आवाज असा की डेपोत त्याला 'भोंगा' म्हणायचे. तो मागच्या दारातून ओरडला की पुढच्या दाराशी लोंबकळणारे मुकाट्याने आत सरकायचे. मग एका सकाळी दाढी करता करता झटका आला आणि जाताना उजव्या हातातलं बळ आणि तोंडातलं बोलणं घेऊन गेला. डोकं मात्र जिथल्या तिथे होतं. शब्दही आत होते, अगदी रांगेत उभे. पण दाराशी आले की त्यांची अशी धक्काबुक्की व्हायची की भलताच कुणीतरी आधी बाहेर पडायचा. 'पाणी' म्हणायला जावं तर 'चप्पल'!

"नमस्कार काका!" फोनवर साखरेत घोळलेला आवाज. "आरोग्य केंद्रातून बोलतेय. सेवा सुधारायच्या म्हणून आम्ही रहिवाशांची मतं घेतोय. तुमचा गुरुवारचा बोलण्याच्या सरावाचा वर्ग आहे ना, तो आता केंद्रात न भरवता फोनवर घ्यायचा विचार आहे. घरबसल्या! तुमची काही हरकत?"

हरकत? मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. अगं बाई, ज्यांना बोलता येत नाही त्यांचा वर्ग फोनवर? उद्या आंधळ्यांना पत्रं पाठवाल! गुरुवारची ती मागची खोली म्हणजे साऱ्या आठवड्यात एकच जागा, जिथे मामा माणसासारखा बोलायचा. तिथे भिंतीला ओल होती आणि पंखा कुरकुरायचा, पण वर्ग घेणाऱ्या बाईंचा नियम एकच होता. जो दुसऱ्याचं वाक्य मध्येच पूर्ण करेल, त्याने सगळ्यांचा चहा करायचा. म्हणून सगळे थांबायचे. बेकरीवाली थांबायची, गणिताचे म्हातारे मास्तर थांबायचे, शब्द सापडेपर्यंत बाई खुशाल खिडकीबाहेर बघत बसायच्या. ते थांबणं फोनवर कसं दिसणार होतं?

हे सगळं सांगायला मामाने तोंड उघडलं.

"ह..."

"हॅलो?"

"ह... ह..."

"हॅलो, काका? आवाज येत नाहीये."

कपाळाला घाम फुटला. 'चप्पल' आलं असतं तरी चाललं असतं, किंबहुना शोभलं असतं, पण नेमकं तेही येईना.

"बरं काका, हरकत नाही असं लिहून घेते हं. आपला दिवस शुभ असो!"

खट्. मामा हातातल्या फोनकडे बघत राहिला. त्याच्या नावावर कुणीतरी त्याच्या तोंडचं वाक्य लिहिलं होतं, जे त्याच्या तोंडून निघालंच नव्हतं.

संध्याकाळी ताई कपड्यांच्या इस्त्रीच्या दुकानातून आली आणि भाची शाळेतून. भाचीचं घरातलं नाव फटाकडी. ती नुकतीच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती. तेव्हापासून घरात कुणालाच वाक्य पुरं करता येत नव्हतं, ज्याला झटका आला नव्हता त्यालासुद्धा.

मामाने टेबलावर हात आपटला. "फो... न."

"फोन? बिघडला?" फटाकडीने उचलून बघितला. "नाही, चालू आहे. चार्जर हवाय? कुणाला लावायचाय? अच्छा, कुणाचा तरी आला होता! विमा विकणारे ना? मामा, तू उचलतोस कशाला त्यांचे?"

मामाने जोरजोरात मान हलवली. केंद्र, अगं, केंद्र! त्याने सगळा जीव एकवटला.

"कं... कंगवा!"

"कंगवा!" फटाकडी धावली आणि कंगवा घेऊन हजर झाली. "आई, बघ, ओळखलं की नाही मी?"

"बरोबरच आहे," ताई म्हणाली, "उद्या सभेला जायचंय ना केंद्रात, म्हणून नीटनेटकं व्हायचंय त्याला. थांब रे, मी विंचरते." आणि ती त्याचे केस विंचरू लागली, लहानपणी विंचरायची तसे, भांग पाडून.

त्या दोघी इतक्या प्रेमाने चुकायच्या की रागावायचीही सोय नव्हती. मामा भांग पाडून घेऊन गप्प बसला. पण 'सभा' हा शब्द त्याने पक्का पकडून ठेवला. उद्या तिथे केंद्राचा साहेब असेल, माईक असेल, सगळी वस्ती असेल. उद्या सांगायचं. रात्रभर तो मनातल्या मनात एकच वाक्य घोटत राहिला.

केंद्राचा हॉल खच्चून भरला होता. समोर भलामोठा फलक: 'तुमचं मत, तुमची सेवा'. त्याखाली साहेब, पडद्यावर रंगीत चित्रं, आणि बाजूच्या टेबलाशी एक कारकून, ज्याच्यापुढे शाळेच्या मुख्याध्यापकांकडे असते तसली टिंग वाजणारी घंटा. घंटा वाजली की बोलणाऱ्याने बसायचं. वर्गाच्या बाई कुठेच दिसेनात. ही रहिवाशांची सभा, कर्मचाऱ्यांनी यायचं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं म्हणे.

"घंटा का हो?" फटाकडीने विचारलं.

"सगळ्यांना समान संधी मिळावी म्हणून," कारकून ऐटीत म्हणाला.

एका आजीने औषधाच्या रांगेत बसायला बाक नाही म्हणून सांगितलं. टिंग. एका रिक्षावाल्याने दुखऱ्या पाठीच्या माणसाला तीन मजले चढवता, खाली का नाही तपासत, असं विचारलं. टिंग. साहेब प्रत्येकाला मान डोलवत होता. देवळातला नंदी तरी एवढा डोलवत नसेल.

मग पडद्यावर गुरुवारचा वर्ग आला.

"आता ही आपली अभिमानाची गोष्ट," साहेब म्हणाला. "बोलण्याच्या सरावाचा वर्ग आपण फोनवर नेतोय आणि ती खोली भांडारासाठी मोकळी करतोय. आणि हे आम्ही मनाने ठरवलेलं नाही बरं का! वर्गातल्या प्रत्येकाला स्वतंत्र फोन करून मत विचारलं. एकाचीही हरकत नाही. एकाचीही!"

टाळ्या पडल्या. मामाने मागे वळून पाहिलं. दोन रांगा सोडून बेकरीवाली बसली होती, तोंड अर्धं उघडं. तिच्या पलीकडे मास्तर, काठीच्या मुठीवर बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली. म्हणजे सगळ्यांना आला होता तो साखरेचा फोन! सगळे असेच 'ह... ह...' करत राहिले होते, आणि सगळ्यांच्या नावावर तेच एक वाक्य चिकटवलं होतं. मुक्याला विचारायचं, तो गप्प राहिला की त्याची संमती धरायची, आणि वर अभिमानाने पडद्यावर दाखवायचं! मामाला वाटलं, आत्ता डोक्याची शीर तडकन फुटते.

तो उठला. ताई "अरे, कुठे?" म्हणेपर्यंत तो पाय ओढत माईकपाशी पोचला होता.

"या काका, या," साहेब म्हणाला. "बोला, मोकळेपणाने."

"म... मला..." हॉलमध्ये माईक घरघरला. "मला... फ..."

वाक्य तिथेच होतं. रात्रभर घोटलेलं, गुळगुळीत. जिभेच्या अगदी मागे. येत होतं, येतच होतं...

टिंग.

"मी सांगते!" फटाकडी खुर्च्यांमधून सुसाट आली आणि तिने माईक आपल्याकडे वळवला. "माझ्या मामाला म्हणायचंय की हा वर्ग म्हणजे त्याचा श्वास आहे! अंधाऱ्या रात्रीतला दिवा आहे! ज्या समाजाला आपल्या माणसांचा आवाज जपता येत नाही, तो समाज..."

स्पर्धेत पहिला नंबर उगाच नव्हता आला. हातवारे, चढउतार, मध्येच एक दीर्घ विराम. काही बायकांनी डोळे पुसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कारकूनही घंटा वाजवायला विसरला.

श्वास? दिवा? मामा तिच्याकडे बघतच राहिला. यातला एकही शब्द त्याचा नव्हता!

"वा, वा, बेटा," साहेब हसला. "तुझ्या भावना पोचल्या. पण बघ, या झाल्या तुझ्या भावना. ज्यांचा वर्ग आहे त्यांनी स्वतः फोनवर हरकत नसल्याचं कळवलंय. आपल्याला त्यांच्याच मताचा मान ठेवायला हवा, नाही का?"

"अहो पण माझ्या मामाला नक्की काय वाटतं ते मला माहितीये! तो रोज मला..."

"गप्प बस!"

हॉल दचकला. माईकवरून, खणखणीत, एका दमात. बाई म्हणायच्याच की राग आणि शिव्या मेंदूच्या वेगळ्या कपाटात असतात, त्या कपाटाला कुलूप नसतं. पण असा आवाज मामाने स्वतःसुद्धा झटक्यानंतर पहिल्यांदाच ऐकला. डेपोतला भोंगा!

फटाकडीचा चेहरा पडला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामाचा पाय तिच्याकडे वळला, पण आत्ता तिची समजूत घालत बसलं तर वाक्य पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहिलं असतं. तो दोन पावलं टेबलाकडे गेला आणि आपला धड असलेला डावा पंजा त्याने घंटेवर ठेवला. दाबून.

"अहो काका, हे नियमात..." कारकून चुळबुळला.

"राहू द्या हो!" मागून रिक्षावाला ओरडला. "बोलू द्या माणसाला!"

मामाने माईककडे तोंड केलं. फटाकडीने दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले होते.

"फो... न."

सगळे थांबले.

"आ... ला."

एक मूल रडलं, त्याच्या आईने त्याला थोपटलं.

"मी... बोलत... होतो." मामाने श्वास घेतला. मानेच्या शिरा फुगल्या. "ति... तिने... ठेवला."

साहेब खाकरला. "म्हणजे फोन नीट लागला नाही का, काका? तांत्रिक अडचण..."

"लागला!"

"मग तुम्ही..."

"बोलत... होतो!" मामाने मुठीने टेबल ठोकलं. "थां... थांबली... नाही. लिहिलं. हर... कत... नाही. मी... नाही... म्हटलं!"

मागे खुर्ची सरकली. बेकरीवाली उभी राहिली होती. तिने छातीवर हात ठेवला. "म... ला... पण." मास्तरांनी तोंड उघडलंच नाही. त्यांनी काठी जमिनीवर आपटली, मग पुन्हा, मग पुन्हा, आणि त्यांची सून ताडकन उठून म्हणाली, "आमच्याकडेही आला होता! हे बोलायला लागले आणि कट झाला. मला वाटलं चुकून लागला असेल!"

मग जो गलका उठला! बाकासाठी भांडणारी आजी सगळ्यांत पुढे. "का रे, साहेबा," तिने विचारलं, "ज्यांची वाचा गेली, त्यांना फोनवरून विचारलंस, हरकत आहे का म्हणून? अक्कल गहाण टाकून बसलात की काय सगळे?"

"आजी, पद्धतच तशी आहे," साहेबाने घाम पुसला. "उत्तर आलं नाही, तर हरकत नाही असं धरतात. सगळीकडे असंच..."

"सगळीकडे असंच?" रिक्षावाला खवळला. "म्हणजे माझ्या आईची घरी येणारी नर्स बंद केलीत, तीसुद्धा अशीच विचारून? तिला तर ऐकूच येत नाही!"

साहेबाला घोटभर पाणी प्यावं लागलं. एवढ्या माणसांपुढे आता मान डोलवून भागणार नव्हतं. त्याने कारकुनाला खूण केली, पडद्यावरचं ते 'एकाचीही हरकत नाही' पुसायला लावलं आणि हात जोडल्यासारखं करत म्हणाला, "ठीक आहे. फोनवर घेतलेली ही मतं रद्द. वर्गातल्या प्रत्येकाला मी स्वतः भेटून विचारेन. तोवर खोलीला हात लावणार नाही. सगळ्यांसमोर सांगतोय. झालं समाधान?" तो मामाकडे वळला आणि लहान मुलाशी बोलावं तसा गोड हसला. "झालं ना काका सांगून? बसा हं आता."

ताई मामाला न्यायला उठली. फटाकडीचे हात तोंडावरच होते, वर नुसते डोळे, रडवेले आणि रोखलेले. मामाने ताईला डाव्या हाताने थांबवलं. त्याने साहेबाकडे पाहिलं, मग त्याच्यामागच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"तू... बस," तो म्हणाला. "अजून... आहे."

साहेब बसला. मामाने माईक जवळ ओढला आणि पुढचा शब्द शोधायला लागला.