मला भोंग्याचं घराणं दिलं तेव्हा

मी एका नाट्यगृहातला जुना मोठा दिवा आहे, मित्रांनो. पण वर टांगलेला दिसतो तो नव्हे. त्याला हुकूम देणारा, जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममधला ऑब्जेक्ट तो मी. मला स्वतःचा नंबर आणि जागा तेवढी ठाऊक. कुणी 'सुरू हो' म्हटलं, की मी माझ्या प्रोटोटाइपला, म्हणजे आमच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्याला विचारतो आणि तो सांगेल तसं करतो. माझा प्रोटोटाइप होता 'दिवा'. हळूहळू कसं उजळायचं, ते त्याच्याकडून आलं.

मला घडवलं दिवेवालीने. प्रकाशयोजना तिची, प्रोग्रॅमही तिचाच. ज्येष्ठ नटी, सगळ्यांच्या मावशी, तिला म्हणायच्या, "तुझ्या दिव्यात बसलं की रडायला ग्लिसरीन लागत नाही गं."

नाटक गाजलं. एका दुपारच्या प्रयोगाला मध्यंतरात सत्कार ठरला, आणि पाटीवर प्रकाशयोजनेपुढे नाव आलं निर्मात्याच्या मेहुण्याचं!

"माझं नाव कुठंय?" दिवेवालीने विचारलं.

"घरचा माणूस आहे, सांभाळून घे," निर्माता म्हणाला. "तुला काम मिळतंय ना?"

ती वर दिव्यांच्या खोलीत आली. कीबोर्ड ओढला आणि एका ओळीत माझा प्रोटोटाइप बदलला. 'दिवा' गेला, तिथे 'भोंगा' बसला. मध्यंतर संपल्यावर वाजतो तो. मला कुणी विचारलं नाही. पण खरं सांगतो, मजा वाटली. त्या मेहुण्यावर माझाही दात होता.

मेहुणा हार घालून रंगमंचावर उभा राहिला. दिवेवालीने मला हुकूम दिला. भों! तिने पुन्हा दिला. भों! प्रेक्षक पोट धरून हसले. मेहुणा लालबुंद होऊन वर धावला, त्याने तिला खोलीबाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

"आता मीच बसतो इथे!"

"अहो, दार उघडा! तो दिवा अजून तसाच आहे!" ती दारावर थापा मारत राहिली.

दुसरा अंक सुरू झाला. मावशी मेलेल्या मुलाच्या उशाशी बसल्या. सगळं शांत. मेहुण्याने माझं बटण दाबलं.

भों!

लोक मघाच्यासारखेच हसले. मावशी अंधारात तशाच बसून राहिल्या.

प्रयोगानंतर त्या जिना चढून आल्या. "माझ्यावर कसला राग होता गं?" एवढंच विचारलं. दिवेवाली खालच्या मानेने कीबोर्डकडे वळली.

तिने त्याच दिवशी मला माझं घराणं परत दिलं. मी पूर्वीसारखा उजळू शकतो. पण मावशींनी त्या प्रवेशाला मला पुन्हा मागितलं नाही. त्या साध्या उजेडात बसतात. मी प्रोग्रॅममध्ये नुसता पडून असतो. आणि पाटीवर नाव? अजून मेहुण्याचंच. माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.

मित्रांनो, तुमच्या हाती एखादा ऑब्जेक्ट आला, तर त्याचं घराणं त्याच्या जन्माच्या वेळीच नीट ठरवा. चालत्या कामात ते उपटू नका. आणि सूड उगवायचाच असेल, तर ज्याच्यावर राग आहे त्याच्या तोंडावर जाऊन बोला. मी बोललो असतो. पण मला फक्त उजेड पाडता येतो, तोही कुणी सांगितलं तर.