खडूची फुली

चांगलं लाकूड स्वस्तात कुठे मिळतं हे विचारायला लोक माझ्याकडे येतात, आणि मी सांगतो, कारण मला गप्प बसता येत नाही. नवं सागवान म्हणजे खिशाला भोक. त्यापेक्षा जुनी घरं, जुन्या बोटी मोडून त्यांचं लाकूड विकणाऱ्या वखारीत जावं. सकाळी लवकर जावं, फळी उचलून टोकाकडून एका डोळ्याने बघावी, पीळ दिसला तर तिथेच ठेवून द्यावी. नखाने ओरखडावी, वास घ्यावा. मालकाने "एक नंबर माल" म्हटलं की निम्म्या भावाने मागावी. चाळीस वर्षं सुतारकाम केलंय मी. वय झालं तरी नजर शाबूत आहे, असं येता-जाता सगळ्यांना ऐकवत असतो. म्हणजे, ऐकवत असे.

मागच्या आठवड्यात वखारीत एका जुन्या बोटीच्या बावीस फळ्या सापडल्या. गडद, तेलकट, सरळ रेषांचं सागवान. भाव इतका कमी की मी दोनदा विचारला. वखारवाला म्हणाला, "जागा अडलीय, घेऊन जा बाबा." सोळा मी घेतल्या. सहा घेतल्या नदीपलीकडच्या खुर्चीवाल्याने. तो माझा जुना दोस्त, एकटाच काम करतो, आणि त्याचं लाकूडही मीच निवडतो.

जुन्या लाकडात भीती एकाच गोष्टीची, आत राहिलेल्या खिळ्याची. माझ्या उस्तादाचा उजवा डोळा तशाच एका खिळ्याने गेला. रंधा मशीनचं पातं खिळ्यावर आपटलं, त्याचा तुकडा उडाला. मी शेजारीच उभा होतो. ती किंकाळी अजून कानात आहे. म्हणून मी प्रत्येक फळीवरून दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवतो, खिळा लागला तर उपटतो आणि मग कोपऱ्यात खडूने फुली मारतो. माझी फुली असली की फळी डोळे झाकून मशीनवर घालायची. बावीसच्या बावीस फळ्यांवर मी फुली मारली.

आमचं मशीन आता सून चालवते. मुलगा ऑफिसात बसतो, त्याला हातोडी कुठून धरायची तेही ठाऊक नाही. सून मात्र लग्नानंतर वर्षभरात कारखान्यात आली आणि हळूहळू मलाच घरी बसवलं. मी तोंडाने कुरकुरतो, पण मनातून खूश आहे. पोरगी कामाला वाघ आहे.

आज सकाळी ती वाचनालयाने मागवलेल्या टेबलासाठी त्याच बोटीच्या फळ्या रंधायला गेली. मी घरी गॅलरीत बसून त्यातल्याच एका उरलेल्या तुकड्याचं स्टूल करत होतो. पटाशी लावली, तर लाकडातली एक गोल गाठ टपकन खाली पडली. मी ती उचलली. गाठ नव्हतीच ती, लाकडाचं बूच होतं. भोकात डोकावलो तर आत अंगठ्याएवढा जाड बोल्ट. पिवळा. चुंबक टेकवला, तो धरेना. पितळ.

बोटीत लोखंड गंजतं म्हणून पितळ ठोकतात आणि वरून लाकडी बूच बसवतात. हे मला माहीत होतं हो. चाळीस वर्षं माहीत होतं. तो भाव ऐकला आणि माझी अक्कल गहाण पडली.

 सुनेला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मशीन चालू असताना ती कानांवर टोपणं लावते, तीही मीच हट्टाने आणून दिलेली. मी तसाच निघालो. पायात एक चप्पल माझी, एक बायकोची, हे नंतर कळलं. जिना कसा उतरलो आठवत नाही. रस्त्यात कोणीतरी "काय काका, एवढी घाई?" म्हणून हटकलं, त्याला मी शिवी हासडली. डोळ्यांपुढे उस्तादाचा चेहरा येत होता, आणि दर दहा पावलांनी तो सुनेचा होत होता. देवा, माझा डोळा घे, म्हटलं. खरंच म्हटलं.

कारखान्याच्या दारापाशी पोहोचलो. मशीनचा आवाज येत नव्हता. या वेळेला ते बंद का? 

दार ढकललं. सून जमिनीवर बसली होती. डोळे जागच्या जागी, हात जागच्या जागी. मांडीवर फळी, हातात पटाशी, बाजूला स्टीलच्या डब्यात आठ पिवळे बोल्ट.

मला रडू फुटलं आणि त्याच दमात मी ओरडलो, "फोन का उचलत नाहीस?"

"पिशवीत राहिला. बाबा, आधी बसा. किती धापा टाकताय."

"तुला कळलं कसं? माझी फुली होती ना यावर?"

"तुमची फुली असली तरी मी पुन्हा बघते. दोन वर्षं झाली. त्या कपाटाच्या वेळी तुम्ही एक फळी पास केलीत, तिला हातभर चीर होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. ह्यांनाही माहीत आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे घरातले सगळे दोन वर्षं म्हाताऱ्याला गोंजारत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने एक फळी खिडकीच्या उजेडात धरली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

मी वाकलो, नीट पाहिलं, अंगठाही फिरवला. "गाठ," मी म्हणालो.

तिने पटाशीचं टोक घातलं आणि फिरवलं. बूच बाहेर आलं. खाली पिवळं चमकलं.

  मी डब्यातले बोल्ट बघत राहिलो, आणि मग आठवलं.

"खुर्चीवाल्याकडे सहा फळ्या आहेत," मी म्हणालो. "यातल्याच."

तिचा चेहरा उतरला. "ते पुन्हा तपासतात ना?"

"नाही. तो म्हणतो, तुझी फुली असली की मी बघतसुद्धा नाही."

तिने पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि दोघांना ऐकू येईल असा मध्ये धरला. फोन वाजत राहिला. बंद झाला. तिने पुन्हा लावला.

"मशीन चालू असेल," ती हळूच म्हणाली.