अकरा एकांची संख्या

तेतच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या, तिसऱ्या दिवशी गुरूच्या घरी जायचं आणि गोडच बोलायचं. त्या दिवशी जे कानावर पडतं ते वर्षभर पुरतं म्हणतात. दोआनला हे पक्कं ठाऊक होतं. तरी ती ह्वे शहरातल्या लुओंग सरांकडे निघाली ती त्यांना तोंडावर चूक ठरवायलाच! इलाजच नव्हता. एक हा अंक ओळीने अकरा वेळा लिहिला की होणारी संख्या मूळ आहे, तिला कुणाच्या बापानेही भाग जायचा नाही, असं सर वीस वर्षं छातीठोक सांगत आले होते. आणि उद्या क्वी ती शाळेच्या दारातल्या दगडावर कोरणार होता.

क्वी पाथरवट, तिचा वर्गमित्र. तो आधीच येऊन आल्याच्या वड्या हाणत बसला होता.

“या, गणिताच्या बाई! सणाच्या दिवशी वही कशाला आणलीस?”

दोआनने सरांना हात जोडून शुभेच्छा दिल्या, चहाचा घोट घेतला आणि सरळ सांगून टाकलं, “सर, ती संख्या मूळ नाही. २१६४९ने भाग जातो.”

“अगं ए! आजच सुचलं तुला?” क्वी ओरडला.

सर मात्र हसले. “तुझ्या २१६४९ला बावीसने भागून बाकी एक उरते. म्हणजे तपासण्याजोगी आहे. तसल्याच मूळ संख्या अकरा एकांच्या संख्येला भागू शकतात, हे मीच शिकवलंय तुला. तपासलीय मी ती.”

त्यांनी कपाटातून तिसरी वही काढली. बारीक अक्षरातला भागाकार, आणि प्रत्येक गुणाकारापुढे नवाच्या पडताळ्याची लाल खूण. अंकांची बेरीज करायची, नऊ वगळायचे, बाकी जुळली की गणित बरोबर. अख्खी शाळा या पडताळ्यावर डोळे मिटून विसंबायची.

दोआनने बोट ठेवलं. “२१६४९ची पाचपट १०८२४५ येते, सर. तुम्ही १०८२५४ लिहिलंय. अंक तेच, बेरीज तीच. पडताळ्याला काय कळणार, कपाळ!”

सरांनी पेन्सिल घेतली आणि पहिल्यापासून भागायला बसले. भागाकार आला ५१३२३९. बाकी शून्य. क्वी छताकडे बघत राहिला. दोआनला वाईट मुळीच वाटत नव्हतं. गणित बरोबर होतं, त्याला ती काय करणार!

“क्वी, दगड राहू दे बाबा,” सर म्हणाले. “छिन्नी लागायच्या आधी कळलं, बरं झालं.” मग ते तिच्याकडे वळले. “कधी सापडलं हे तुला?”

या एका प्रश्नाची तिने तयारी केली नव्हती.

“मागच्या वर्षी. तेतच्या आधी. सांगायलाच आले होते, पण सण होता... तुम्ही खुशीत होतात.”

आता सरांचा चेहरा उतरला.

“वर्षभर रोज सकाळी मी या वह्या पुन्हा तपासतोय. दगडावर चूक जायला नको म्हणून. डोळे फुटायची वेळ आली, आणि तुला ठाऊक होतं?” त्यांचा आवाज चिरकला. “एक्काहत्तर वर्षांच्या माणसाचं एक वर्ष घेतलंस तू, पोरी.”

“चुकलं माझं, सर,” दोआन म्हणाली, आणि सणासुदीला, क्वीच्या देखत, ढसाढसा रडली.