अधांतरी घोट

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विल्डा सोनिएच्या परसात इतकी पाखरं उतरली, की कॉफीचा पेला घेऊन मागच्या पायरीवर बसलेल्या त्या एकाहत्तर वर्षांच्या बाईला मोजता मोजता हसू फुटलं. चाळिसापर्यंत ती कशीबशी पोचली आणि पुढे सगळी सरमिसळ झाली. अंगठ्याएवढा जीव, गळ्यावर माणकाचा तुकडा बसवावा तशी लाली, आणि पंखांचा तो गुंजारव. ही हमिंगबर्ड दर शरदात उत्तरेकडून येत, लुईझियानाच्या त्या संथ खाडीकाठच्या घरांमागे दोन-तीन आठवडे मुक्काम ठोकत, साखरपाणी पिऊन दुप्पट जाड होत आणि एका सकाळी आखाताचा समुद्र एका दमात ओलांडायला निघून जात. या वर्षी मात्र जत्राच भरली होती.

विल्डाला या आनंदाची गरज होती. तिचा नवरा ड्युई मार्चमध्ये गेला, आणि मुलगी रोशेल हिने तेव्हापासून एकच धोशा लावला होता की ममाने आता ह्यूस्टनला आपल्याकडे यावं, घर विकून टाकावं. "एवढा एक शरद मला पाखरांबरोबर काढू दे, मग ने कुठे न्यायचं तिथे," असं विल्डाने शेवटी कबूल केलं होतं. त्यामुळे छपराच्या कडेला टांगलेल्या सहा लाल बाटल्या ती पहाटे उठून धुवी, ताजं साखरपाणी भरी, आणि दिवसभर पायरी सोडत नसे.

तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की एक पाखरू बाटल्यांकडे येतच नाही. परसाच्या पार टोकाला, चरापाशी, जिथे नुसतं गवत होतं, ना झाड ना झुडूप, तिथे ते हवेत थांबलं होतं. चोच किंचित खाली कललेली, क्षणभर मागे सरकावं, पुन्हा पुढे यावं, आणि गळा हलत होता. ते पीत होतं. रिकाम्या हवेतून घोट घेत होतं.

दुसऱ्या दिवशी तिथे पाच होती. आठवड्याने सगळीच. लाल बाटल्या भरल्या तशा राहिल्या आणि त्यांना मुंग्या लागल्या.

विल्डाचा ऊर भरून आला. ड्युई असाच तर उभा राहायचा! बाटलीचं लाल झाकण तळहातावर ठेवायचं, त्यात साखरपाणी घालायचं, आणि तासन्‌तास हात पुढे करून पुतळ्यासारखं राहायचं. पाखरं त्याच्या बोटांवर टेकून प्यायची आणि तो ओठ न हलवता म्हणायचा, "विल्डे, बघतेस ना?" ती धावत आत गेली आणि तिने लिनस फोरेला फोन लावला. लिनस शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. पंचक्रोशीतल्या पाखरांना जाळीत धरून, तोलून, पायात कड्या घालून सोडून देणं हा त्याचा सरकारी परवान्याचा छंद होता.

लिनस आला, बघितलं आणि लहान मुलासारखा टाळ्या पिटू लागला. "अहो मिस विल्डा, ही पाखरं जागा लक्षात ठेवतात! गेल्या वर्षी तिथे बाटली टांगली असणार तुम्ही."

"टांगायला काय आहे तिथे? आभाळ?"

"मग ड्युई उभा राहत असेल."

"तो इथे, पायरीपाशी उभा राहायचा. चरापाशी साप असतात म्हणून त्याने जन्मात तिकडे पाऊल टाकलं नाही."

लिनसने त्या दिवशी बारा पाखरं धरली. त्यातली नऊ याच उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेली होती, त्यांना कुठल्या गेल्या वर्षाची आठवण असणार! आणि तराजूवर एकेक साडेपाच ग्रॅम भरत होतं. समुद्र ओलांडण्याइतकं जाड. कशाच्या जोरावर, ते त्याला सांगता येईना. विल्डाने त्याला कोळंबीचं दाट कालवण, गंबो, वाढलं, तीनदा वाढलं, आणि तो जेवत असताना ती खिडकीतून बघत हसत राहिली.

जागा सरकत होती, हेही तिनेच शोधून काढलं. मिरच्यांच्या रोपांना आधाराला लावायच्या काठ्या घेऊन ती रोज सकाळी पाखरं जिथे पीत तिथे खाली एक रोवू लागली. रोज हातभर, कधी दीड हात. सगळ्या काठ्या चरापासून सरळ घराच्या दिशेने एका ओळीत येत होत्या. सण जवळ यावा तसे तिचे दिवस चालले होते. तिने केस धुतले, निळा झगा इस्त्री केला, झोपताना ती उद्याची काठी कुठे येईल याचा अंदाज बांधी आणि सकाळी तो खरा ठरला की स्वतःशीच टाळी देई.

ऑक्टोबरच्या मध्याला लिनस टेप घेऊन आला. शिडीवर चढून त्याने पाखरांच्या चोचींची उंची मोजली. सहा फूट दोन इंच. विल्डाने काल काढलेल्या फोटोवरून ताडून पाहिली, तेवढीच. एका बोटाचाही फरक नाही.

"मिस विल्डा," तो शिडीवरूनच म्हणाला, "ड्युई किती उंच होता हो?"

"ड्युई?" ती खळखळून हसली. "माझ्या कानापर्यंत यायचा मेला. लग्नात फोटोवाल्याने त्याला पाटावर उभं केलं होतं."

लिनस हसला नाही. तो खाली उतरला, आपला हात त्याने पुढे धरून पाहिला, तळहात वर करून, पाखरांना खाऊ घालताना धरतात तसा. तो हात त्याच्या छातीशी आला. मग त्याने मान वर करून पाखरांकडे पाहिलं, टेप गुंडाळली आणि शिडी गाडीवर चढवली. गंबोला तो थांबला नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाला, "रोशेल कधी येतेय? तिच्याबरोबर जा तुम्ही. आठवड्याभराने नको, लगेच जा."

"वेडा झालास का रे? आता तर मजा आहे!"

रोशेल महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आली. एव्हाना गावातल्या सगळ्यांच्या परसातली पाखरं समुद्रापार गेली होती. विल्डाकडची एकही हलली नव्हती. शेवटची काठी पायरीपासून जेमतेम चार पावलांवर होती. रोशेलने ती लांबलचक ओळ पाहिली, मुंग्यांनी भरलेल्या बाटल्या पाहिल्या, आणि बशा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या.

"ममा, तू नीट झोपतेस ना?"

"इतकी छान तर मी लग्नानंतरही झोपले नव्हते. तू ते सोड, बाहेर ये आधी."

"मी इथूनच बघते."

"तुझा बाप आलाय, आणि तू बशा गुंडाळतेस!"

रोशेलने बशी खाली ठेवली. "ममा, बाबा गेलेत," ती हळूच म्हणाली. तरुणांना काय सांगायचं, अशा समजुतीने विल्डाने फक्त लेकीच्या गालाला हात लावला, चपला पायरीवर काढल्या आणि ती दवाने भिजलेल्या गवतात उतरली.

ऊन नुकतंच परसात आलं होतं. तिच्या डोक्यावर पाखरांचा थवा घुमत होता, इतका दाट, की पंखांचा वारा तिच्या कपाळावरचे केस उडवत होता. काठी ओलांडून ती पुढे झाली. घराकडे तोंड करून उभी राहिली, कारण ड्युई तसाच उभा राहायचा, आणि तिने आपला रिकामा तळहात पुढे केला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक पाखरू वरून खाली आलं, तिच्या बोटांसमोर थबकलं आणि त्याने चोच तिच्या तळहाताला लावली. जिभेचा केसाएवढा स्पर्श तिला जाणवला. मागोमाग दुसरं, तिसरं, सातवं. कोरड्या तळहातावर ओल आली होती, कोमट, आणि ती वाढत होती. मनगटावरून एक थेंब तिच्या निळ्या बाहीत ओघळला. विल्डाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. चव्वेचाळीस वर्षं ड्युई हे करायचा आणि तिच्या हाताकडे कधी एक पाखरू फिरकलं नव्हतं.

"रोशेल!" ती ओठ न हलवता, हसू दाबत म्हणाली. "बघतेस ना? अगं, माझ्या हातातून पितायत!"

रोशेल स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. पण ती आईच्या हाताकडे बघत नव्हती. तिची नजर आईच्या मागे, डोक्याच्या कितीतरी वर लागली होती, आणि तिथून, कुणीतरी वाकत असावं तशी, ती हळूहळू खाली येत होती.